भोसले घाटावरची दुलई

मणिकर्णिकेवरून प्रवाहाच्या दिशेने चालू लागले, की सिंधिया घाट, संकठा घाट व गंगामहाल मागे पडतात आणि भोसले घाटाची उंच दगडी भिंत समोर उभी राहते. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हा घाट व त्यावरील वाडा बांधला. लक्ष्मीनारायणाचे मंदिरही त्यांचेच. भिंतीचा खालचा भाग जवळजवळ कोरा असून खिडक्या पार वर आहेत. पावसाळ्यात गंगा कोठवर चढते, हे बांधणारांना पक्के ठाऊक होते. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निवर्तले, पुढल्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. घाटाचे नाव मात्र राहिले. येथून रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट अशी जी वस्ती लागते, तिच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली गेली.

या वस्तीतील शास्त्रीमंडळी, मंदिरे व अन्नछत्रे यांविषयी स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र या सुवर्णमहोत्सवी अंकात पांघरुणाच्या कडेविषयी लिहिण्याचे योजिले आहे. वाचकांनी हसू नये; घरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या ट्रंकेत असे एखादे पांघरूण असतेच.

दक्षिणेतून काशीस येणाऱ्या यात्रेकरूबरोबर जी गोधडी येई, ती जुन्या लुगड्यांची असे. नऊवारी लुगडे विरले, की त्याचे पदर एकावर एक अंथरून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जायचे. कापूस नाही, पिंजारी नाही. घरचे कापड, घरचा दोरा. देशावरच्या थंडीला एवढे पुरे. पण काशीचा पौष-माघ निराळा. गंगेवरून धुके येते, सूर्य दोन दोन दिवस दिसत नाही, आणि रात्री पारा कधी कधी पाच अंशांपर्यंत उतरतो. तेथे धुनियाकडून पिंजून घेतलेल्या कापसाची रजईच हवी. मग मराठी घरांत मधला मार्ग निघाला : आत पातळ कापूस, वर-खाली लुगड्याचे कापड आणि उत्तरेकडच्यापेक्षा कितीतरी दाट दोरे. तिलाच आमच्या घरांत दुलई म्हणत.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे कडेचा गोट. गोट आणि मगजी हे दोन्ही शब्द मराठीत आहेत आणि काशीच्या बाजारातही. नुकत्याच आलेल्या सुनेला भाषा अडली तरी हे शब्द अडत नसत. पांघरूण प्रथम कडेलाच झिजते. गळ्याशी ओढले जाते ती कड, हाताने झटकली जाते ती कड. १८७० मध्ये जबलपूर-अलाहाबाद मार्गाने मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि महिनोन्‌महिन्यांची काशीयात्रा काही दिवसांवर आली. तेव्हा यात्रेकरूची वळकटी दोरीने आवळून डब्यात टाकली जाऊ लागली. दोरीचा काच बसे तोही कडेवर. म्हणून निघण्यापूर्वी नवा गोट लावून घेण्याची रीत होती, असे आमच्या आजी सांगत.

गोट लावणे सोपे दिसते, सोपे नाही. पट्टी कापडाच्या सरळ धाग्यावर कापली, तर दुमडीच्या ओळीत एखादाच धागा सगळा भार घेतो आणि तो झिजला की फट लांबवर जाते. उरेब, म्हणजे तिरकी कापली, तर अनेक धागे दुमड ओलांडून जातात. एक तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. शिवाय उरेब पट्टी गोलाईवर न चुणता वळते. मात्र तिला कापड जास्त लागते आणि ओढून लावल्यास ती कडेला वाकडे करते. काटकसरीच्या घरांत म्हणूनच सरळ पट्टीच चाले, आणि पुष्कळदा लुगड्याचा काठच गोट होई. काठाची वीण मुळात घट्ट. त्यात नागपुरी काठ असला, तर पाहायलाच नको. पट्टी सुलट बाजूस कडेवर ठेवून उलटी टीप घालायची, मग ती कडेवरून मागे वळवून बारीक टाक्यांनी तुरपायची. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. कोपऱ्यावर पट्टी कापायची नाही, तिरकी घडी घालून वळवायची. कोपऱ्यावरून सुगरण ओळखावी, असे आम्हांस आजही वाटते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर लहान लहान तुकड्यांचे फूल लावतात आणि त्यावाचून गोधडी उघडी मानतात. त्या कोपऱ्यांना जो मान देतात, तो आम्हांस मनापासून पटतो.

शिवणयंत्र आले आणि प्रश्न उभा राहिला. सिंगरचे यंत्र १८५१ चे. हिंदुस्थानात ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. उषा यंत्र कलकत्त्यात बनू लागल्यावर मध्यमवर्गीय घरांतही चाक फिरू लागले. जे काम हाताने दोन-तीन दुपारी घेई, ते तासाभरात होऊ लागले. हे वरदानच होय. दुपारभर टाके घालणाऱ्या डोळ्यांची आठवण असणारा कोणीही त्याला नावे ठेवणार नाही.

पण आमच्या घरी एक प्रसंग घडला. आजीची दुलई, कड पार विरलेली, आम्ही उत्साहाने एका शिंप्याकडे दिली. त्याने टेरिकॉटची चकचकीत पट्टी लावून, बारीक टीप मारून दिली. पहिल्याच धुण्यात जुने सुती कापड आटले, पट्टी आटली नाही. कड झालरीसारखी फुलली. वर्षाच्या आत त्याहून वाईट झाले. यंत्राची सुई प्रत्येक टाक्याला भोक पाडते. विरलेल्या कापडात अशी भोके ओळीने दाट पडली, की टपालाच्या तिकिटाप्रमाणे कापड त्याच रेषेवर फाटते. तसेच ते फाटले. दोष शिंप्याचा नव्हता. नव्या कापडाचा नियम त्याने जुन्या कापडाला लावला, आणि तो लावू दिला आम्ही.

तेव्हापासून आम्ही दोन्ही कामे करतो. नवी सुती दुलई, विशेषतः वारंवार धुवायची मुलांची, यंत्रावर. तीही आधी कच्चे टाके घालून. कारण यंत्राचे दाते खालचा थर पुढे नेतात, वरचा मागे राहतो आणि शेवटच्या कोपऱ्यावर चुण्या गोळा होतात. टाका लांब ठेवावा, पट्टी आधी धुऊन आटवून घ्यावी. पहिली शिवण यंत्राची व मागची तुरपाई हाताची, ही तडजोडही चांगली टिकते. जुने कापड मात्र हातानेच. सैल टाक्यांनी, आणि फाटक्या रेषेच्या बोटभर आत, जेथे कापडात अजून जीव आहे तेथे.

आजीच्या दुलईची टेरिकॉटची पट्टी उसवायला आम्हांस दोन दिवस लागले. फाटकी कड कापून टाकल्याने ती चारी बाजूंनी बोटभर लहान झाली. नवा गोट आईच्या लुगड्याच्या काठाचा आहे. तीन कोपरे आम्ही वळविले, चौथा आईने, चष्मा पुसत पुसत. माघात ऊन पडले, की ती दुलई घाटाच्या पायऱ्यांवर इतरांच्या रजयांशेजारी पसरलेली असते, आणि चौथा कोपरा दुरूनही ओळखू येतो.