नांवाचीं दोन रूपें

जुन्या वाड्यावर नवा मजला चढवावयाचा असला म्हणजे जाणता गवंडी प्रथम पायाकडे पाहतो; कारण पायाच खणून काढावा तर राहतीं बिऱ्हाडें उघड्यावर पडतात. इंटरनेटवरील संकेतनामांचा इतिहास आम्हांस अशाच एका वाड्याचा इतिहास वाटतो.

या वाड्याचा पाया अमेरिकेंत घातला गेला. १९६३ सालीं तेथें ‘आस्की’ ही चिन्हसंहिता ठरली. तींत जागा अवघ्या १२८. पुढें १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं संकेतनामांची पद्धति रचली, तेव्हां नांवांत रोमन अक्षरें, अंक व संयोगरेषा यांपलीकडे कांहीं नसावें हा प्रघात तसाच चालूं राहिला. त्या काळीं हें बंधन कोणास जाचलें नाहीं. कारण ज्यांना तें जाचावयाचें, ते अद्यापि दाराशीं आलेच नव्हते.

ते आले तेव्हां प्रश्न उभा राहिला. १९९६ सालीं मार्टिन ड्युर्स्ट यांनीं इतर लिपींतील नांवांची योजना मांडली; पुढें सिंगापूर येथें तिचे प्रयोग झाले. कोणी विचारील, नवीं अक्षरें आहेत तशींच तारेवरून कां धाडूं नयेत? मूळ पद्धतीची यास फारशी आडकाठी नव्हती. परंतु तिच्यावर विसंबून चाललेलें टपाल व इतर असंख्य व्यवहार जुनाच नियम गृहीत धरून होते. १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेटनें एकाच दिवशीं जुना संदेशसंकेत टाकून नवा घेतला, तो तें जाळें लहान होतें म्हणून. वीस वर्षांनंतर साऱ्या जगास एका दिवसांत कूस बदलावयास सांगणें शक्य नव्हतें.

तेव्हां मार्च २००३ मध्यें तोड निघाली ती वेषांतराची. वाचकास नांव त्याच्या लिपींत दिसावें. तारेवर मात्र तें रोमन वेषांत जावें. अ‍ॅडम कॉस्टेलो यांची ही ‘प्यूनिकोड’ युक्ति. वेषाची खूण म्हणून आरंभीं ‘एक्स’, ‘एन्’ व दोन संयोगरेषा. त्यापुढें आपला ‘भारत’ हा शब्द ‘एच् २ बी आर् जे ९ सी’ असा होऊन जातो! मधल्या जुन्या यंत्रांस हात लावावा लागला नाहीं. शिकावें लागलें तें दोन टोकांस.

पण वेष चढवितांना थोडें अंगही कापलें गेलें. जर्मन भाषेंतील ‘एस्त्सेट’ या अक्षराचे दोन ‘एस्’ झाले. मराठीवरही तोच प्रसंग आला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ त्या डोंगरांतल्या. हा भेद संगणकावर पुष्कळदां ‘र्’ नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून दाखवीत. २००३ च्या नियमानें तें चिन्ह गाळलें, आणि अशा रीतीनें लिहिलेल्या दऱ्या समुद्रांत बुडाल्या! नुक्त्याचा ‘ऱ’ योजणाऱ्यांच्या तेवढ्या वांचल्या.

ऑगस्ट २०१० मध्यें नियम सुधारले. एस्त्सेटास स्वतंत्र स्थान मिळालें; अदृश्य चिन्हांस ठराविक जागीं मोकळीक झाली. परंतु सुधारणेनेंच नवा पेंच निर्माण केला. तेंच नांव जुन्या नियमानें एका घरीं नेई, तर नव्या नियमानें दुसऱ्याच. म्हणून त्या वर्षीं जर्मन नोंदणीसंस्थेनें एस्त्सेटाचीं नांवें सर्वांस खुलीं करण्यापूर्वीं दोन ‘एस्’च्या जुन्या धारकांस प्रथम हक्क दिला. अन्याय निवारतांनाही राहत्या बिऱ्हाडाची चिंता वाहावी लागली ती अशी.

५ मे २०१० रोजीं अरबी लिपींतील पहिलीं देशनामें मूळ यादींत दाखल झालीं. २७ ऑगस्ट २०१४ रोजीं देवनागरी ‘.भारत’ खुलें झालें, आणि मराठीसही आपल्या लिपींत दार मिळालें. आम्हांस याचा आनंद आहे. तथापि जुन्याशीं जुळवून घेण्याची किंमत मागून येणाऱ्यानेंच भरली, हें विसरतां येत नाहीं. वेषांतराची तोड काढणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. चालता व्यवहार मोडून न्याय करूं पाहणारा दोन्हीही गमावतो. परंतु जे पाया घालतात त्यांनीं, अद्यापि न आलेल्या बिऱ्हाडकरूंचींही मापें घ्यावींत, एवढें तरी या इतिहासावरून शिकावें.