फाशांनी लिहिलेली कादंबरी

आम्हा कादंबरीकारांना एक छुपा गर्व असतो. सटवाई माणसाच्या कपाळी लेख लिहिते. आमच्या पात्रांची सटवाई आम्हीच! कुणाला जगवावे, कुणाला मारावे, याचा जाब विचारणारे कोणी नसते. त्यात मी पडलो शाळामास्तर. पोरांजवळ फासे सापडले की ते माझ्या टेबलाच्या खणात जमा! फासा म्हटला की मला शकुनीच आठवायचा. म्हणूनच ऱ्यो मिझुनो या जपानी कादंबरीकाराची हकीकत वाचून मी चपापलो.

हे गृहस्थ १९६३ साली ओसाका शहरात जन्मले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकन खेळ १९७४ साली निघाला आणि १९८५ साली जपानी भाषेत आला. खेळ मोठा मौजेचा. चारसहा मित्र जमतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक होऊन आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. बेत साधतो की फसतो, ते फासे ठरवतात.

हितोशी यासुदा या अनुवादकाभोवती जमलेल्या मंडळींनी १९८६ साली आपला खेळ, झालेल्या संभाषणासह, ‘कॉम्प्टिक’ मासिकात छापायला सुरुवात केली. सूत्रधार होते मिझुनो. कथेचे स्थळ, लोडोस नावाचे शापित बेट. डीडलिट ही लांब कानांची एल्फ, म्हणजे वनकन्या, कथेची नायिका. पण खेळात तिचे बोलणे बोलत होते हिरोशी यामामोतो नावाचे एक पुरुष लेखक!

याच खेळातून १९८८ साली मिझुनोंची पहिली कादंबरी निघाली. १९९३ पर्यंत सात खंड झाले. १९९० साली तेरा भागांची चित्रमालिका आली. १९८९ साली याच मंडळींचा ‘सोर्ड वर्ल्ड’ हा खेळ खिशात मावणाऱ्या पुस्तकाच्या रूपाने निघाला. त्याला घरोघरी असणारे साधे सहा बाजूंचे फासे पुरत. मुलांना आणखी काय हवे? २०१९ मध्येही मिझुनो लोडोसची नवी मालिका लिहू लागले होते.

पहिल्या कादंबरीत कार्ला नावाची चेटकीण आहे. उजेडाचा वा अंधाराचा पूर्ण जय होऊ नये, तोल राहावा, म्हणून ती पडद्याआडून सर्वांचे दोर हलवते. वाचताना मला वाटले, अरे, ही तर आमच्याच जातीची! दुसऱ्यांचे लेख लिहिणारी. आणि तिच्याशी झुंजायला उठतात ती कोण? जी पात्रे स्वतःच्या तोंडाने बोलून जन्मली, ती!

मिझुनोंनी मित्रांना बोलू दिले, म्हणून त्यांना पात्रे मिळाली. मी वर्गात काय करतो? ‘गप्प बसा’ म्हणतो.

दिवाळीच्या सुटीपूर्वी खण उघडला आणि ज्याचे त्याचे फासे परत केले. एवढेच म्हणालो, “खेळा, पण काय घडले ते मला लिहून आणा.”