स्वामी की विश्वस्त? : राष्ट्रीय खनिज धोरणातील एका शब्दाचा प्रवास

खनिज धोरण हा विषय साहित्याच्या अभ्यासकांस परका वाटण्याची शक्यता आहे. तथापि एकाच वस्तूला निरनिराळे समूह निरनिराळी नावे देतात, तेव्हा त्यांपैकी एका नावाची निवड करणे हा एक निवाडाच असतो. भारताचे राष्ट्रीय खनिज धोरण आम्ही या दृष्टीने वाचू पाहतो.

१९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने लोहखनिजासह अनेक महत्त्वाची खनिजे सरकारी क्षेत्राकडे ठेवली. १९९३ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने अशी १३ खनिजे खासगी भांडवलास खुली केली. तेव्हापासून खनिज म्हणजे मुख्यतः ‘गुंतवणुकीचे क्षेत्र’ ठरले. पुढे अन्वरुल होडा समितीने २००६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून २००८ चे धोरण आले. खाणउद्योगाचे मागणे असे की, जो खर्च करून साठा शोधेल त्यालाच खाणपट्टा मिळावा. परंतु उद्योगाचा सूरही एक नव्हता. खाणमालकांना निर्यातीची मोकळीक हवी होती, तर पोलाद उत्पादकांना खनिज देशातच राहावयास हवे होते.

राज्यांची तक्रार वेगळी होती. खनिज राज्याच्या भूमीत, परंतु प्रमुख खनिजांच्या स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, दर केंद्र ठरविणार. स्वामित्वधन म्हणजे कर नव्हे आणि खनिज-हक्कांवर कर आकारण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने दिला, तो जुलै २०२४ मध्ये.

या साऱ्या वादात ‘स्वामी कोण’ हा एकच प्रश्न होता. ज्यांच्या पायाखाली खनिज आहे त्यांचा प्रश्न मात्र निराळा होता. १९९७ च्या ‘समता’ निकालाने आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांत खासगी कंपन्यांना खाणपट्टे देण्यास मनाई केली. २०११ च्या विधेयकाने कोळसा कंपन्यांच्या नफ्यातील २६ टक्के वाटा बाधितांसाठी राखण्याचे योजिले. लोकसभेची मुदत संपली आणि २०१४ मध्ये ते विधेयकही संपले.

स्वामित्वाऐवजी दुसरा शब्द पुढे आला तो गोव्यातून. तेथील खाणी पोर्तुगीज राजवटीने दिलेल्या कायमस्वरूपी सवलतींवर चालत होत्या. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून त्यांचे पट्ट्यांत रूपांतर केले. खाणींच्या गाळाने शेते आणि ओहोळ भरत गेले. लढा न्यायालयात पोहोचला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीमूल्याच्या १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश दिला. गोवा फाउंडेशन आणि तिचे सहकारी पुढे आग्रहाने मांडत राहिले की, खनिज हे उत्पन्न नसून वारसा आहे, आणि सरकार त्याचे विश्वस्त आहे.

ओडिशातील खाणींसंबंधीच्या ‘कॉमन कॉज’ खटल्यात ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने २००८ च्या धोरणाचा फेरविचार करण्यास केंद्रास सांगितले. २०१९ च्या धोरणात नैसर्गिक संपत्ती हा सामायिक वारसा आणि शासन लोकांच्या वतीने त्याचे विश्वस्त, हा विचार स्पष्ट शब्दांत आला. हा लहानसा विजय नव्हे.

मात्र त्याच दस्तऐवजात खाणकामास उद्योगाचा दर्जा देण्याचा प्रस्तावही आहे. विश्वस्त आणि विक्रेता एकाच पानावर नांदतात. शिवाय धोरण ही प्रस्तावना, तर कायदा ही संहिता. २०१५, २०२१ आणि २०२३ च्या दुरुस्त्यांचा मुख्य भर लिलाव, उत्पादन आणि शोध यांवर आहे. २०१५ च्या दुरुस्तीतून बाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली, हे खरे. परंतु ती आजच्या पिढीसाठी. उद्याच्या पिढीचा वाटा किती, हे कलमांत उतरलेले नाही.

येथे एक गोष्ट आम्ही टाळू इच्छित नाही. २०१८ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या तेव्हा ट्रकचालक, बार्जवाले आणि खाणकामगार यांची रोजी बुडाली. ‘वारसा’ हा शब्द त्यांच्या रिकाम्या हातांना कसा ऐकू आला असेल? हितसंबंधी म्हणून त्यांचा आवाज खरा होता आणि तो ऐकला जाणे न्याय्यच होते. परंतु अद्याप न जन्मलेल्यांचा मोर्चा निघत नाही. त्यांच्या वतीने बोलण्यास एखादा शब्दच उरतो. तो शब्द धोरणात आला आहे. तो प्रस्तावनेतच थांबणार की संहितेत उतरणार, हा खरा प्रश्न आहे.