भात वेळायचा की कुकरला लावायचा?

आपण कोल्हापूरकर रश्श्यावर जीव टाकणारे, भात शेवटी. पण त्या भाताचाही एक इतिहास आहे, बरं का!

तळ्यांच्या घाण पाण्याने रोगराई होते, म्हणून १९७० च्या दशकात बांगलादेशात युनिसेफच्या मदतीने कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगलाच. पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कुणी तपासलंच नाही. पलीकडे पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली डॉ. के. सी. साहांनी त्वचेवरच्या डागांमागचं हे विष ओळखलं. बांगलादेशात त्यावर शिक्कामोर्तब झालं १९९३ साली!

तेच पाणी शेतातही गेलं. पाणी तुंबलेल्या खाचरात हवा नसते, त्यामुळे आर्सेनिक सुटं होतं आणि भाताची मुळं ते ओढून घेतात. २०१४ मध्ये कोडेक्सने पांढऱ्या तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम अशी अजैविक आर्सेनिकची मर्यादा ठरवली. कोंड्यात ते जास्त साठतं, म्हणजे आपला 'हेल्दी' ब्राऊन राईस त्यातून सुटत नाही.

घाबरू नका. पण मॉलमधला तांदूळ कुठल्या मातीतला, हे पिशवी सांगतेच असं नाही. स्वच्छ, भरपूर पाण्यात शिजवून वेळलेल्या भातातलं बरंच आर्सेनिक पाण्याबरोबर जातं. थोडी जीवनसत्त्वंही जातात. कुकरने ही जुनी पद्धत मोडली. घरात रोज भात खाणारं लहान मूल असेल, तर ती परत आणायला हरकत नाही.