भिवंडीचे प्रश्न आणि दिल्लीच्या सूच्या

भिवंडी लोकसभा मतदारसंघाचे आजचे स्वरूप 2008च्या पुनर्रचनेतून आले; भिवंडीच्या तीन विधानसभा क्षेत्रांसह शहापूर, मुरबाड व कल्याण पश्चिम मिळून झालेल्या या मतदारसंघातून 2009 मध्ये सुरेश टावरे, 2014 व 2019 मध्ये कपिल पाटील आणि 2024 मध्ये सुरेश म्हात्रे निवडून आले. गावाचे प्रश्न दिल्लीत पोहोचले ते मात्र त्याआधीच, आणि तिथे त्यांचे पुढे काय झाले हे वक्तृत्वापेक्षा प्रश्न राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील कोणत्या सूचीत मोडतो, म्हणजे केंद्राच्या, राज्याच्या की दोघांच्या समाईक 'समवर्ती' अधिकारात, यावर अधिक ठरत आले.

7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली, तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले, आणि 14 मे रोजी लोकसभेतील चर्चेत अटलबिहारी वाजपेयी व पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यात खडाजंगी झाली. ही चर्चा गाजली तरी सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यसूचीतले विषय असल्याने चौकशीचे काम राज्याने नेमलेल्या न्यायमूर्ती दि. प्र. मादन यांच्या आयोगाकडे गेले, त्याचा अहवाल 1975 मध्ये आला, आणि चौकशी आयोग कायद्यातील 1971च्या दुरुस्तीप्रमाणे असा अहवाल, त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या निवेदनासह, संसदेपुढे नव्हे तर राज्याच्या विधिमंडळापुढे ठेवायचा असतो.

भिवंडीच्या यंत्रमाग धंद्याची गोष्ट उलटी. कापड उद्योग 1951च्या कायद्याने केंद्राच्या नियंत्रणाखाली आलेला असल्यामुळे, कांडी भरून धोटा सोडणाऱ्या कामगाराने कोणते कापड विणू नये, हेही दिल्लीतच ठरू शकले: 1985च्या कायद्याने साडी, धोतर, लुंगी अशांचे ठरावीक प्रकार हातमागासाठी राखून ठेवले, यंत्रमागवाल्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. हातमागाच्या रक्षणासाठी केलेल्या या कायद्याची झळ भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावाला बसणे ओघानेच आले.

अशा बाबतीत खासदाराच्या हाती तारांकित प्रश्न असतो, ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि ज्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. शिवाय लोकसभेचा नियम 377 असतो, ज्याखाली मतदारसंघाचे गाऱ्हाणे थोडक्यात मांडता येते, पण उत्तर बहुधा नंतर पत्राने येते, आणि तोवर अधिवेशनही संपलेले असू शकते. यंत्रमागाच्या विजेची वाट याहून वाकडी आहे, कारण वीज समवर्ती सूचीत असल्याने तिचा मूळ कायदा संसदेचा, दर ठरवणारा आयोग राज्याचा, सवलत राज्य सरकारची आणि 2007 पासून भिवंडीतील वितरण खासगी फ्रँचायझीकडे. त्यामुळे वीज गेली आणि धोटा ताण्याच्या मधोमध अडकला, तर मागवाल्याची तक्रार लोकसभेत ऐकून घेतली गेली तरी तिचा निकाल तिथे लागत नाही.