भगीरथाची सुटते, सुधाकराची का नाही?

‘एकच प्याला’ वर्गात शिकवताना आम्ही बरीच वर्षे एकच ठरावीक प्रश्न मांडत आलो : सुधाकर हा शोकात्म नायक आहे काय? ॲरिस्टॉटल, प्रमाद, मानी स्वभाव ही सारी सामग्री हाताशी असते आणि तासही बरा रंगतो. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने मात्र वेगळेच विचारले. “भगीरथाची दारू सुटते, मग सुधाकराची का नाही?” आम्ही स्वभावभेदाचे काहीबाही उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही. खरे तर आमचेही नाही. तिच्या घरी हा प्रश्न पुस्तकातला नव्हता, हे पुढे कळले.

गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे, की भगीरथ बिचारा उपकथानकातच राहून गेला. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला हा तरुण आर्य मदिरा मंडळात रामलालला भेटतो. रामलाल त्याला तेथून उठवून आपल्याबरोबर नेतो. त्याला सोबत मिळते, करायला काम मिळते, पुढे शरदविषयीची ओढही. सुधाकराच्या वाट्याला यातले काय येते? सनद गेल्यावर अपमानाचा डंख विसरायला तळीराम पेला पुढे करतो. तो दारू सोडण्याचा निश्चय करतो तेव्हा घरात आनंद होतो, परंतु जुन्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे काम मागायला गेल्यावर त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. तो पुन्हा पेल्याकडे वळतो. हा परतीचा प्रवास आम्हांला नाटकातील सर्वांत खरा भाग वाटतो. शपथ खोटी नव्हती. ती एकट्याने पेलायची होती, एवढेच.

येथे एक गंमत ध्यानात येते, अर्थात कडू गंमत. नाटकात पिणाऱ्यांचे मंडळ आहे. त्याला नाव आहे, सभासद आहेत, बैठका आहेत, आणि नव्या माणसाचे तेथे मनापासून स्वागत होते. सोडू पाहणाऱ्यांचे मंडळ मात्र नाही. गडकऱ्यांनी आर्य मदिरा मंडळ सुधारकी सभासंमेलनांच्या विडंबनासाठी योजले असेलही, परंतु दारूचे आकर्षण पेल्याइतकेच संगतीतही असते, हे त्यातून त्यांनी अचूक पकडले. ज्या काळात ते लिहीत होते त्या काळात मद्यपाननिषेधाची व्याख्याने होती, शपथा होत्या. आणि गावोगावी माळ घालून वारीला लागण्याची जुनी वाट होती. ती वाट अनेकांच्या कामी आली, कारण माळकऱ्याला भजनाची संगत लाभते. सुधाकरासारख्या इंग्रजी शिकलेल्या वकिलाला ती आपली वाटली नसती, हेही तितकेच खरे.

दुसरे मंडळ निघाले ते १९३५ साली, पार अमेरिकेत. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस. पाच महिने दारूपासून दूर राहिलेला. व्यवहार फिसकटल्यामुळे तो ॲक्रन गावातील हॉटेलात एकटा उरला आणि समोर मद्यगृह. त्याने तेथून दूरध्वनी करून करून अखेर आपल्यासारख्याच एका माणसाचा पत्ता काढला. तो माणूस म्हणजे शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि बोलणे कित्येक तास चालले. लक्षात घ्यावे, की विल्सन उपदेश करायला गेला नव्हता. स्वतः वाचण्यासाठी त्याला दुसऱ्या दारुड्याची गरज होती. त्या जूनमध्ये डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ती तारीख आपला आरंभ मानते. ‘जन्मभर’ या शब्दाऐवजी ‘आजच्या दिवसापुरते’ हा शब्द या मंडळाने वापरात आणला. १९५१ साली विल्सनची पत्नी लोइस हिच्या पुढाकाराने व्यसनी माणसांच्या नातलगांसाठी ‘अल-ॲनॉन’ उभे राहिले. सिंधूसाठी म्हणा ना.

मराठीत या इतिहासाचा धागा पुन्हा साहित्यातूनच निघावा, हे आम्हांला विशेष वाटते. १९८०च्या दशकात ब्राऊन शुगर मुंबई-पुण्यात पसरली तेव्हा अनिल अवचटांनी तिच्या विळख्यातील मुलांवर लिहिले. ते लेखन ‘गर्द’ या पुस्तकात आहे. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले व त्यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी देणगी देऊ केली. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. १९९७ साली त्या गेल्या, २०२२ साली अवचटही गेले; काम चालू आहे. तेथे बरे झालेलेच अनेक जण पुढे कार्यकर्ते होतात, आणि पत्नींसाठीही स्वतंत्र बैठका होतात. पुन्हा घसरलेल्या माणसालाही दार बंद होत नाही. सुधाकराला जेथे दारे बंद झाली, नेमका तोच क्षण येथे अपेक्षित धरलेला असतो.

शोकांतिकेला परतीचा रस्ता परवडत नाही, हे आम्ही जाणतो. सुधाकर सुधारला असता तर विषाचा शेवटचा प्यालाही नसता आणि नाटकही नसते. तक्रार गडकऱ्यांविषयी नाही. सुधाकराचा नाश अटळ होता असे आम्ही शिकवतो तेव्हा कलाकृतीची अटळता आणि माणसाची अटळता यांत भेद करत नाही, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणी ते वाक्य घरी घेऊन जाते.

त्या विद्यार्थिनीने परीक्षेत सुधाकरावरचा प्रश्न सोडून दिला होता. भगीरथावर प्रश्न नव्हताच. तरी तिने पुरवणी घेऊन त्याच्यावर तीन पाने लिहिली. गुण देण्याची सोय नव्हती. ती पाने आम्ही जपून ठेवली आहेत, आणि आता नाटक शिकवायला सुरुवात दुसऱ्या अंकातील मंडळाच्या बैठकीपासून नव्हे, रामलाल भगीरथाचा हात धरून त्याला बाहेर काढतो तेथून करतो.