वाचता न येणाऱ्यांची पुस्तके

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तीन-चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. तरीही त्याच्यासाठी पुस्तके निघतात, विकली जातात आणि त्यातून त्याला चांगले वळण लागेल अशी आशा मोठी माणसे धरतात. आपल्या भागात ही आशा बरीच जुनी आहे, आणि तिची सुरुवात पुस्तकाने नव्हे, घंटेने झाली.

१५४२ मध्ये फ्रान्सिस झेविअर गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरे, मुले गोळा करी आणि त्यांना धर्माची तत्त्वे चालीवर म्हणायला शिकवी. हीच मुले घरी जाऊन आईबापांना शिकवतील असा त्याचा हिशेब होता. त्या दशकात तो वसईलाही येऊन गेला. वसई तेव्हा नुकतीच, म्हणजे १५३४ च्या तहाने, पोर्तुगीजांच्या हाती आली होती. छापलेले पुस्तक मुलांच्या हाती नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. चाल हेच पुस्तक, आणि पाने उलटायचे काम जिभेचे.

पुढे थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याच्या दोन पुस्तकांचा इथे संबंध येतो. एक आपल्याला ठाऊक असलेले ख्रिस्तपुराण, सुमारे ११ हजार ओव्यांचे, १६१६ मध्ये रायतूरला छापलेले. दुसरे त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघालेले कोकणीतले धर्मशिक्षणाचे पुस्तक. देवनागरी खिळे नसल्यामुळे दोन्ही रोमन लिपीत छापावी लागली. हे दुसरे पुस्तक प्रश्नोत्तरांचे आहे. एकाने विचारायचे, दुसऱ्याने ठरलेले उत्तर द्यायचे. पुढची तीनशे वर्षे लहान मुलांचे ख्रिस्ती शिक्षण बहुतेक याच साच्यात चालले. या साच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. मुलाच्या मनात प्रश्न उभा राहण्याआधीच त्याच्या तोंडात उत्तर घातले, तर पाठांतर उत्तम होते आणि प्रश्न मरतो. त्यापेक्षा ख्रिस्तपुराण मुलांच्या जास्त उपयोगी पडले असावे, जरी ते मुलांसाठी लिहिलेले नव्हते. ते रविवारी आणि सणावारी देवळात वाचले जाई. मांडीवरच्या पोराला शब्द कळत नसतील, पण ओवीचा ठेका कळत होता आणि आपली आई मन लावून ऐकते आहे हेही कळत होते.

त्याच शतकात युरोपात कोमेनियस नावाच्या धर्मगुरूने सहा वर्षांखालच्या मुलांचा वेगळा विचार मांडला. या मुलांची शाळा म्हणजे आईची मांडी, असे त्याने १६३३ मधल्या पुस्तकात सांगितले. १६५८ मध्ये त्याने मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढले. त्याचा वारा आपल्याकडे पोचायला दोनशे वर्षे लागली. दरम्यान १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, आणि इथल्या ख्रिस्ती घरांत प्रार्थना टिकली ती घराघरांतल्या पाठांतरावर. तेव्हा पाठांतराला मी नावे ठेवली खरी, पण त्याचे हे ऋणही मान्य केले पाहिजे.

मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके आली ती एकोणिसाव्या शतकात. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ १८२८ चे. ‘बाळमित्र’ मूळ फ्रेंच लेखक बर्कीं याच्या मुलांच्या गोष्टींवरून आलेले. त्याच सुमारास मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना चालू होता, आणि १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार मुलींच्या शाळा पाहत होत्या. पुढे त्या अहमदनगरला गेल्या. १८४१ मध्ये हरि केशवजींनी बन्यनच्या ग्रंथाचे ‘यात्रिकक्रमण’ केले. १८७० च्या दशकात मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले. नावातच मेवा होता, आणि मुलांना काय आवडते हे संपादकांना ठाऊक होते असे त्यावरून वाटते. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ सुरू झाले. दोन्ही मासिके निघाली वेगवेगळ्या श्रद्धेच्या घरांतून, पण त्यांना हवा असलेला मुलगा फार वेगळा नव्हता. तो खरे बोलतो, वडिलांचे ऐकतो, आळस करत नाही, मुक्या प्राण्यांना छळत नाही. ही पुस्तके अर्थात वाचता येणाऱ्या मुलांसाठी होती. धाकटी भावंडे बाजूला बसून ऐकत.

मुक्या प्राण्यांवरून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी शाळेत पाठ केली. जखमी पक्षिणीच्या व्यथेने रडलेल्या मुलांना, कवी कोणत्या धर्माचा हे विचारावेसे वाटले नाही.

पण विचारले गेले असेही प्रसंग आहेत, आणि ते विसरून चालणार नाही. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा केवढी खळबळ झाली. पालकांनी मुले काढून घेतली, वर्ग ओस पडले, प्रकरण कोर्टात गेले. पन्नास वर्षांनी तेच पंडिता रमाबाईंच्या वाट्याला आले. अमेरिकेत असताना रमाबाईंनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याची बालोद्यान पद्धत मन लावून अभ्यासली होती. हा फ्रोबेलही एका धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याने १८४४ मध्ये आयांसाठी गाण्यांचे आणि चित्रांचे पुस्तक काढले होते. आईने बाळाची बोटे हलवत गाणे म्हणायचे, चित्र दाखवायचे, आणि त्यातून जे शिकायचे ते बाळ शिकेल. पुस्तक बाळासाठी, पण हातात आईच्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले, आणि रमाबाईंनी तिथे या पद्धतीला जागा दिली. मात्र त्या स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. मुली येऊन बसत. त्यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. दार उघडे ठेवणे हा प्रामाणिकपणा की आमिष? दोन्ही बाजूंनी आजही बोलता येते. मला रमाबाई प्रामाणिक वाटतात, पण मुलगी काढून नेणाऱ्या बापाची भीतीही मला खोटी वाटत नाही.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे, की हाच प्रश्न मला चिंचोटीत एका आईने विचारला. महामार्गालगतच्या एका घराच्या ओटीवर मी काही वर्षे रविवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते. मुले तीन ते सहा वर्षांची. काही ख्रिस्ती घरांतली, काही डोंगराकडच्या आदिवासी पाड्यांवरची, काही कारखान्यात काम करायला आलेल्या कुटुंबांतली. त्या बाई म्हणाल्या, ‘‘ताई, पोरगा घरी येऊन देवाची गोष्ट सांगतो. चांगली आहे. पण यात वळण किती आणि धर्म किती, ते मला आधी कळायला हवं.’’

प्रश्न रास्त होता. मोठ्या माणसाला पुस्तक पटले नाही तर तो मिटून ठेवतो. तीन वर्षांच्या मुलाला ती सोय नाही. तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. जे पुस्तक पुढच्या रविवारी वाचायचे ते आधी आठवडाभर घरोघर फिरते. ज्यांना नको ते सांगतात. त्या दिवशी त्यांच्या मुलांसाठी चिऊकाऊ असते, किंवा इसाप. दोन घरांनी असे सांगितले आहे, आणि त्यांची मुले आजही येतात.

आता या पुस्तकांविषयी. बाजारात मिळणारी बरीचशी बाहेरची भाषांतरे. चित्रे गुळगुळीत, मुले सोनेरी केसांची, कुरणात पांढरीशुभ्र मेंढरे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मुलांना परके चित्रही आवडते. तक्रार भाषेबद्दल आहे. शिष्टाचार शिकवणाऱ्या एका पुस्तकात मुलगी आईला म्हणते, ‘कृपया मला पाणी द्या.’ मराठी घरात असे कोणी म्हणत नाही. असे फक्त रेल्वेच्या फलाटावर ऐकू येते. आपली सभ्यता ‘कृपया’मध्ये नाही, ती ‘दे ना गं’मधल्या ‘ना’मध्ये आहे, आजोबांना ‘अहो’ म्हणण्यात आहे, निघताना ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणण्यात आहे, दारात आलेल्याला न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करण्यात आहे. हे ज्या पुस्तकात नाही ते मुलाला दुसऱ्याच कुठल्या घरात वागायला शिकवते. त्यातही वसईची गंमत अशी, की पुस्तकातली मराठीसुद्धा अनेक मुलांच्या घरची नसते. कुणाच्या घरी कादोडी, कुणाच्या घरी वाडवळी, कुणाकडे वारली, हल्ली हिंदीही.

या बाबतीत मला सर्वांत जास्त शिकवले ते आपल्याच पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाने. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्या अंगणात गेल्या, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाला तिथूनच मिळाला. त्यांच्यामागे मारिया माँटेसरी यांचा विचार होता. माँटेसरीबाईंनी रीतभात पुस्तकातून शिकवली नाही, करून शिकवली. दार आवाज न करता कसे लावायचे, दुसऱ्याच्या बसकरावर पाय न देता कसे जायचे. स्वतः कॅथलिक असल्याने त्यांनी बार्सिलोनात मुलांच्या मापाच्या वस्तू ठेवून धर्मशिक्षणाचाही प्रयोग केला होता. त्याच वाटेने १९५४ मध्ये रोममध्ये सोफिया कावालेत्ती यांनी मेंढपाळाची गोष्ट लाकडी मेंढरे आणि कुंपण मांडून सांगायला सुरुवात केली. ताराबाईंचा धर्माशी संबंध नव्हता, पण पद्धतीचे मूळ एकच: मुलाला आधी हात लावू द्या.

लाकडी मेंढरे माझ्याकडे नाहीत. चिंचोटीत खऱ्या शेळ्या आहेत. हरवलेल्या मेंढराची गोष्ट, शंभरांतले एक शोधायला मेंढपाळ जातो ती, मी प्रथम सांगितली तेव्हा पाड्यावरच्या एका साडेचार वर्षांच्या मुलाने मध्येच थांबवले. ‘‘मग बाकीच्यांजवळ कोण होतं? तरस आला तर?’’ प्रश्नोत्तरांच्या कोणत्याही पुस्तकात हा प्रश्न नाही. शेळ्या राखणाऱ्या घरात मात्र तो पहिला सुचतो. मी तो पुढच्या आठवड्यावर टाकला आणि पुस्तक त्याच्याच घरी पाठवले.

त्याच्या आईला वाचता येत नाही. तिने चित्रे पाहून गोष्ट आपल्या बोलीत सांगितली. रविवारी पोराने ती आम्हाला ऐकवली. तिच्या गोष्टीत मेंढपाळ निघण्याआधी बाकीच्या शेळ्या शेजारणीच्या वाड्यात घालतो, तिला ‘जरा बघ गं’ म्हणतो, आणि परत आल्यावर आधी तिच्याकडे जातो. मी विचारले, शेजारीण तर पुस्तकात नाही. तो म्हणाला, ‘‘ती वाड्यात होती, म्हणून चित्रात नाय आली.’’